आखूड वायरीचा फोन

"याला घंटी कुठाय?" आप्पांनी विचारलं.

सेल्समनने हातातला राउटर उलटा करून पाहिला. क्षणभर त्यालाही खात्री वाटेना. "काका, हा राउटर आहे. याला दिवे आहेत."

"दिवे दिसले मला. दिवाळी हाय का घरात? घंटी कुठाय?"

आम्ही चौघं माझ्या नव्या फ्लॅटच्या रिकाम्या हॉलमध्ये उभे होतो. उभे होतो, कारण बसायला अजून काही आलं नव्हतं. सांगलीत, विश्रामबागच्या थोडं पुढे, तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि हा हॉल. फ्लॅट तसा बँकेचा होता. तो आमच्या नावाने ओळखला जावा म्हणून मी आणि माझी बायको केतकी दर महिन्याला बँकेला पैसे देणार होतो. या गोष्टीला आता आठेक वर्षं झाली. बँकेची अजून काही तक्रार नाही.

सेल्समनचं नाव मुलाणी. कंपनीने त्याला टाय दिला होता. सांगलीच्या मे महिन्यात टाय घालून तीन मजले चढून आलेला माणूस जसा दिसतो, तसा तो दिसत होता.

"सर," तो माझ्याकडे वळला. घरात आपलं ऐकेल असा माणूस सेल्समनला लगेच ओळखू येतो. "आमचा सगळ्यात स्वस्त प्लॅन घ्या. नुसतं इंटरनेट. फोन कशाला? आता मोबाइलवर बोलणं फुकटच आहे की."

"मुलाणी," आप्पा म्हणाले, "लाइट गेल्यावर हे चालतं का?"

"लाइट गेल्यावर कसं चालेल, काका?"

"आमच्या स्टँडवरचा फोन चालायचा. पूर आला तेव्हा पण चालला. खाली पाणी, वर मी, हातात फोन."

यावर कंपनीने मुलाणीला काही शिकवलेलं नव्हतं.

आप्पा म्हणजे माझे वडील, यशवंत शेडगे. कराडच्या एसटी स्टँडवर ते वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागलीय, कुठली उशिरा येतेय, हे माइकवरून सांगायचं काम. रिटायर झाल्यावर माइक सुटला, पण आवाज तसाच राहिला. घरातसुद्धा ते सगळ्या प्रवाशांना उद्देशून बोलायचे. "निरंजन शेडगे यांच्या आंघोळीचं पाणी तापलेलं आहे," असं मी कॉलेजात असताना रोज सकाळी आमच्या आळीला कळायचं. आळीतली दोन-तीन माणसं त्यावर आपली घड्याळं लावायची.

आई गेल्यापासून ते कराडमध्ये एकटेच राहत होते. आदल्या हिवाळ्यात न्हाणीघरात चक्कर येऊन पडले. दार आतून बंद. "शेजारच्यांनी कडी काढली," एवढंच त्यांनी आम्हाला सांगितलं, तेसुद्धा दुसऱ्या दिवशी, डॉक्टर येऊन गेल्यावर. तेव्हापासून केतकीचा एकच घोषा होता, आप्पांना इकडे आणायचं. दुसरी खोली त्यांच्यासाठीच घेतलेली. आप्पा नाही, नाही, नाही म्हणत राहिले आणि एके दिवशी अचानक हो म्हणाले. अट एकच. हॉलमध्ये लँडलाइन पाहिजे. नसेल तर कराड काय वाईट आहे?

ही अट ऐकून मी मनापासून हसलो होतो. ते हसले नव्हते.

"पण तुमच्याकडे मोबाइल आहे ना, आप्पा?" केतकीने त्या दिवशी परत विचारलं.

"आहे की."

"कुठंय?"

"कपाटात."

"चालू का नसतो?"

"बंद ठेवला की बॅटरी टिकते."

मुलाणीने राउटर खोक्यात घातला. जाताना मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "सर, फोनवाला प्लॅन पण आहे. थोडा महाग पडेल. काकांचं वय झालंय, राहू द्या त्यांच्या मनासारखं."

"वय झालेलं नाही," आप्पा हॉलमधून म्हणाले. "ऐकू पण येतंय."

*

केतकी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरबसल्या हिशेब तपासायचं काम करायची. तिला नेट वेगवान पाहिजे होतं, कारण तिच्या फायली हत्तीएवढ्या असायच्या. मला नेट स्वस्त पाहिजे होतं, कारण हप्ता गेल्यावर आमच्याकडे जे उरायचं त्याला पगार म्हणायला लाज वाटायची. वेगवान नेट घेतलं तर फोन परवडत नव्हता. फोन घेतला तर नेट बैलगाडीतून येणार होतं. केतकीने लॅपटॉपवर सगळ्या कंपन्यांचा तक्ता केला. वेग, भाडं, डिपॉझिट, आणि शेवटच्या रकान्याला नाव 'आप्पा'. त्या रकान्यात प्रत्येक कंपनीपुढे फुली होती.

आप्पा कराडला परतल्यावर मी फोनवरून, म्हणजे तिथल्या शेजाऱ्यांच्या मोबाइलवरून, आप्पांना पटवायचा प्रयत्न केला.

"आप्पा, पण लँडलाइनच का?"

"मोबाइलला वजन नसतं. काय धरलंय ते कळत नाही."

"जड मोबाइल आणतो."

"तो कानाला लावला की गाल दाबून बंद होतो."

"गालाने बंद न होणारा आणतो."

"निरंजन, तुला फोन बसवायचाय का वाद घालायचाय?"

"मला कारण पाहिजे."

आप्पा म्हणाले, "हॉलमध्ये फोन असला की घर वाटतं," आणि शेजाऱ्याला मोबाइल परत दिला. शेजारी म्हणाला, "घ्या की लँडलाइन. आमची पण कटकट जाईल."

*

एका रविवारी आम्ही त्यांचं सामान बांधायला कराडला गेलो. सगळं न्यायचं नव्हतं. खोली महिनाअखेरपर्यंत ठेवणार होते. "जमलं तर जमलं," आप्पा म्हणाले. म्हणजे परतीचं तिकीट त्यांनी आधीच खिशात ठेवलं होतं.

केतकीने स्वयंपाकघरातला पहिला डबा उघडला. ज्वारीचं पीठ. दुसरा उघडला. ज्वारीचं पीठ. तिसऱ्यात गव्हाचं होतं, त्यामुळे तिला जरा बरं वाटलं. मग फळीवरचे, ओट्याखालचे, कॉटखालचे डबे निघाले. आईच्या शिलाई मशीनच्या खणातसुद्धा बेसनाची पिशवी होती. डबे मोजणं मी सोडून दिलं.

"आप्पा, हे कोण खातं?" केतकीने विचारलं.

"मी."

"एवढं?"

"पीठ ताजं पाहिजे माणसाला."

"मग हे शिळं कुणाचं आहे?"

आप्पांनी चष्मा काढून पुसला. "गिरणीत अजून एक डबा राहिलाय," ते म्हणाले. "मी घेऊन येतो."

"अजून एक?" केतकी म्हणाली.

"तुम्ही बसा, मी आणतो," मी म्हणालो. डॉक्टरांनी त्यांना वजन उचलू नका म्हणून सांगितलं होतं. ते दोन पावलं माझ्यामागे आले आणि दारात थांबले.

डुबल काकूंची गिरणी आमच्या आळीच्या तोंडाशीच. लहानपणी मी दळण घेऊन जायचो तेव्हा गिरणी त्यांचे यजमान चालवायचे. ते गेल्यावर काकूंनी पट्टा, जातं, मोटर सगळं स्वतःच्या हाताखाली घेतलं. मी पोचलो तेव्हा गिरणी धडधडत होती. बाहेर चार बायका डबे घेऊन बसलेल्या. काकूंचे केस पांढरे दिसत होते, ते वयाने की पिठाने, हे लांबून सांगता येत नव्हतं. भिंतीवर एक काळा लँडलाइन फोन, पिठापासून वाचायला प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. त्याच्या शेजारी, रस्त्याकडे तोंड करून, गादी घातलेली लाकडी खुर्ची. गिरणीत गादी घातलेली खुर्ची मी तोवर कुठं पाहिली नव्हती.

"शेडग्यांचा डबा!" मी ओरडलो.

"कुणाचा?"

"शेडगे! यशवंत शेडगे!"

काकूंनी माझ्याकडे नीट बघितलं आणि हात लांब करून स्विच बंद केला. पट्टा सावकाश थांबला. एकदम इतकं शांत झालं की ओळीतल्या बायका आमच्याकडे बघायला लागल्या.

"निरंजन ना तू?"

"हो काकू."

"केवढा झालास! डोक्यावरचे कुठं गेले रे?"

"गेले, काकू. सांगून नाही गेले."

त्या हसल्या. मग पदराने हात पुसत जवळ आल्या. "तिकडं डॉक्टर जवळ आहे का घराच्या?"

"आहे, समोरच."

"जिना किती?"

"लिफ्ट आहे."

"रात्री पाणी ठेवायचं उशाला. ते मागत नाहीत, उठून जातात. त्या दिवशी पण हाक मारली नाही कुणाला. डबा न्यायला आले नाहीत म्हणून मी घरी बघायला गेले, तर आतून कडी. मग कुलूपवाल्याला धरून आणलं."

"ते तर म्हणाले शेजारच्यांनी..."

"शेजारचे आले की. मागनं. बघायला."

ओळीतल्या एका बाईचा धीर सुटला. "काकू, चालू करा की हो! भाकऱ्या कधी थापू मी?"

"थापशील गं! सासू कुठं पळून चाललीय तुझी?" मग पुन्हा माझ्याकडे वळून, हळू आवाजात, "फोन घेताय म्हणे?"

"बघतोय."

"मला मोबाइल जमत नाही बाबा. हात पिठाचे. पडद्याला बोट लावलं की समोर काय आहे ते दिसायचंच बंद." त्यांनी भिंतीवरच्या पिशवीकडे बघितलं. "हा बरा. हा वाजला की मी गिरणी बंद करते."

आणि त्यांनी स्विच चालू केला. पुढचं काही ऐकू आलं नाही.

डबा खांद्यावर घेऊन मी परत आलो. आप्पा दारातच होते. "मिळाला का?" त्यांनी विचारलं. "मिळाला," मी म्हणालो. दोघंही डब्याबद्दलच बोलत होतो असं आम्ही ठरवलं.

सांगलीला येताना टेम्पो पुढे होता, आप्पा टेम्पोवाल्याशेजारी, आणि आम्ही दोघं मागे गाडीवर.

"आप्पांचं काहीतरी आहे," मी मागे वळून ओरडलो.

"पुढे बघून चालव!"

"डुबल काकू!"

"मला वाटलंच."

"कधी?"

"एकटा माणूस दोन भाकऱ्या खातो आणि दिवसाआड दळण नेतो. बाकी काय असणार? बेकरी?"

पेठनाक्याजवळ तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फोनवाला प्लॅन घे. माझ्या फायली जातील सावकाश."

"तुझं काम?"

"फाइल पोचल्याशी कारण. दळण थोडंच अडणार आहे कुणाचं फाइलवाचून?"

*

मुलाणीला बोलावलं. फोनवाला प्लॅन सांगितला, तेव्हा त्याने आधी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी मान हलवल्यावर वायर ओढायला माणूस पाठवला. लाइट गेली तरी राउटर चालावा म्हणून मी एक छोटी बॅटरी घेतली. पूर येईल तेव्हा येईल, आमची तयारी झाली होती.

फोनचं यंत्र मात्र आपल्यालाच आणायचं होतं. आणि इथं मी आणि केतकीने डोकं चालवलं. आम्ही समजूतदार मुलं होतो. वडील म्हातारपणी एका बाईशी बोलणार, तर त्यांना अवघडल्यासारखं व्हायला नको. आपण टीव्ही बघत बसलेलो, सून लसूण सोलतेय, आणि मध्ये हे. छे. म्हणून मी बिनवायरीचा फोन आणला. चांगला, महागातला. हॉलमध्ये नुसती बैठक, आणि रिसीव्हर उचलून घरभर कुठंही न्यायची सोय.

सामान ठेवून आप्पा कराडला परत गेले होते. फोन लागल्यावर ते राहायला आले, हातात एकच पिशवी घेऊन. पाणी प्यायले. केतकीने भिंतीवर लावलेला आईचा फोटो सरळ आहे का ते जवळ जाऊन पाहिलं. मग प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले.

"हा बघा तुमचा फोन," मी म्हणालो. "कंपनी चालू, लाइन चालू, घंटी आहे. आणि हे बघा." मी रिसीव्हर उचलला आणि चालत त्यांच्या खोलीत गेलो. दार लावलं. आतून म्हणालो, "आप्पा, येतंय का काही ऐकू?"

"काय?"

"हेच तर!" मी दार उघडून बाहेर आलो. "एक अक्षर बाहेर येत नाही."

आप्पांनी रिसीव्हर हातात घेतला. वजन करून पाहिलं. "हे आत नेता येतं?"

"कुठंही."

"दार लावता येतं?"

"हो, आप्पा."

त्यांनी तो बैठकीवर परत ठेवला, नीट, दोन्ही हातांनी. मग पिशवी उचलली. "आत्ता विश्रामबागच्या थांब्यावर कराडची गाडी मिळेल," ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

मला वाटलं, चेष्टा करतायत. आमच्या घरात चेष्टा माझ्याकडे असते, पण कुठून तरी आलीच असणार. मी हसलो. त्यांचा पाय चपलेत गेला. माझं हसू थांबलं.

"आप्पा, चहा ठेवलाय," केतकी म्हणाली.

"चहा घेऊन जातो."

चहा झाला. सगळ्यांनी घेतला. निघालेला माणूस एवढ्या सावकाश चहा पिताना मी पाहिलेला नाही. शेवटी केतकीनेच कप खाली ठेवला.

"आप्पा, आम्हाला डुबल काकूंचं माहितीये."

आप्पा बशीकडे बघत राहिले.

"आम्हाला काही वाटत नाही," ती म्हणाली. "उलट बरंच वाटतं. म्हणून तर हा फोन घेतला. तुम्ही आत बसा, निवांत बोला. आम्ही ऐकणार नाही."

"का?"

"का म्हणजे?"

"का ऐकणार नाही?"

केतकीने माझ्याकडे बघितलं. मी फोनकडे बघितलं. फोनचा हिरवा दिवा लागलेला होता, त्याला काही अडचण नव्हती.

"मी काय चोरी करतोय?" आप्पा म्हणाले. आवाज नेहमीचा होता. वरच्या मजल्यापर्यंत जाईल असा. "आयुष्य गेलं स्टँडवर. माइकसमोर बसून माणसं बघायची. सरळ उभा राहून बोलणारा माणूस असतो, आणि भिंतीकडे तोंड करून, तोंडावर हात धरून बोलणारा असतो. त्याला बघून मी ओळखायचो, याला घरी काही सांगायचं नाही. मी रोज त्या गिरणीत बसतो. रस्त्यावरनं दिसेल असा बसतो. लोक बोलले. नाही बोलले असं नाही. बोलू दे म्हटलं, दार उघडं आहे. आणि आता इथं येऊन खोलीत शिरू? कडी लावून कुजबुजू? मग तिथं इतकी वर्षं उघड्यावर बसलो ते खोटं झालं की."

त्यांनी चहाचा शेवटचा घोट घेतला.

"त्या बाईचं नाव मी दाराआड घेणार नाही. अट हॉलची होती, निरंजन. तुम्ही दोघांनी नुसता फोनच ऐकलात."

मला जे सुचत होतं ते विनोदाचं नव्हतं, म्हणून ते मी बोललो नाही. नजर भिंतीवरच्या आईच्या फोटोकडे गेली. ती कुठं गेली हे आप्पांनी पाहिलं.

"तिला सांगून झालंय," ते म्हणाले. "तुम्हालाच सांगायचं राहिलं होतं."

केतकी उठली. त्यांच्या पायातल्या चपला तिने वाकून काढायला घेतल्या, तसे आप्पा गडबडले. "अगं ए, काय करतेस? काढतो मी!" आणि त्यांनी काढल्या.

*

दुसऱ्या दिवशी मी आणि आप्पा गणपती पेठेतल्या एका दुकानात गेलो. बिनवायरीचा परत दिला. दुकानदाराने कारण विचारलं.

"आत नेता येतो," मी म्हणालो.

दुकानदाराने खोकं उलटसुलट करून पाहिलं. "तेच तर चांगलं असतं ना?"

"नाही," आप्पा म्हणाले. "वायरीचे दाखवा."

त्याने वरच्या फळीवरून धूळ झाडून तीन यंत्रं काढली. आप्पांनी प्रत्येकाचा रिसीव्हर उचलला, वजन पाहिलं, घंटी वाजवून दाखवायला सांगितली. मग वायरी ताणून बघायला लागले.

"काका, लांब वायर पाहिजे असेल तर वेगळी मिळते. सोफ्यावर बसून बोलता येतं."

"आखूड दाखवा. यातली सगळ्यात आखूड."

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले. इतक्या वर्षांच्या धंद्यात आखूड वायर मागणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं. त्याने भावही पाडून दिला.

परतताना रिक्षात खोकं मांडीवर घेऊन आप्पा बसले होते. मी विचारलं, "आप्पा, मग लग्नच का नाही करत?"

रिक्षावाल्याने आरशात बघितलं. आप्पांनी त्याच्याकडे बघून मान हलवली, म्हणजे तोही या चर्चेत धरला गेला.

"तिला गिरणी सोडायची नाही," आप्पा म्हणाले. "का सोडावी? तिने उभी केलीय. आणि मला..." ते बाहेर बघायला लागले. "पडलो ना त्या दिवशी, तेव्हा जमिनीवर पडल्या पडल्या दोन माणसं आठवली. एक आली कडी काढायला. दुसरा सांगलीत होता."

रिक्षा खड्ड्यातून गेली. त्यांनी खोकं घट्ट धरलं.

"दोन्ही कसं जमवायचं? मग म्हटलं, फोन घ्यावा."

"बरोबर आहे की हो," रिक्षावाला म्हणाला.

*

फोन हॉलमध्ये लागला, भिंतीजवळच्या स्टुलावर, शेजारी प्लॅस्टिकची खुर्ची. नंबर आप्पांनी पोस्टकार्डावर लिहून कराडला पाठवला. फोनचा नंबर फोनवर का सांगत नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, "आधी तिला करू दे." मग आम्ही वाट बघायला लागलो. म्हणजे ते पेपर वाचत होते आणि आम्ही त्यांच्याकडे न बघता त्यांच्याकडे बघत होतो. पेपरचं पान बराच वेळ उलटलं नाही.

कार्ड पोचायला लागतात तेवढे दिवस गेले. एका संध्याकाळी, स्वयंपाकाच्या आधी, तो वाजला.

एवढा मोठा आवाज आमच्या नव्या घरात तोवर झालेला नव्हता. केतकीच्या हातातला लसूण खाली पडला. समोरच्या फ्लॅटचं दार उघडून कुलकर्णी बाई बाहेर आल्या. "काय झालं हो?"

"फोन आलाय," मी म्हणालो.

"कुणाचा?"

"आप्पांचा."

आप्पा उठले. शर्टाचं वरचं बटण लावलं. दोन पावलं चालून गेले, खुर्चीत बसले, आणि पुढची घंटी पूर्ण वाजू देऊन मग रिसीव्हर उचलला.

"हॅलो. यशवंत शेडगे बोलतोय, सांगलीहून."

कुलकर्णी बाईंनी समाधानाने दार लावलं. त्यांना पूर्ण माहिती मिळाली होती.

मी आणि केतकी सवयीने उठलो. तिने ताट उचललं, मी उगाच मोबाइल शोधायला लागलो. आप्पांनी न वळताच मोकळा हात खाली दाबला. बसा. आम्ही सतरंजीवर बसलो.

"पोचलं का कार्ड? ... हां. ... नाही, लिफ्ट आहे. ... ठेवते ती उशाला, तांब्या भरून ठेवते. ... भेंडी. ... नाही, तिखट नव्हती. निरंजनला लागली, मला नाही. ... आहेत की, दोघं इथंच आहेत. समोर बसलेत. ... मग? ऐकू दे की."

पलीकडून काहीतरी आलं, आणि आप्पांचे कान लाल झाले. वडिलांचे कान लाल झालेले मी आधी पाहिले नव्हते. केतकीने माझ्या पायाला चिमटा काढला, म्हणजे तिनेही पाहिले होते.

त्यानंतर आप्पा गप्प झाले. वायर आखूड असल्यामुळे ते स्टुलाकडे जरा झुकून बसले होते, रिसीव्हर कानाला, नजर समोरच्या भिंतीवर. मी थोडी वाट पाहिली. अजून थोडी पाहिली. फोन नवा, लाइन नवी, कंपनी स्वस्तातली. मी उठून राउटरचे दिवे बघितले. सगळे हिरवे होते.

"आप्पा," मी हळूच विचारलं, "लाइन गेली का?"

"नाही."

"मग?"

त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला नाही.

"ती पण गप्प बसलीय," ते म्हणाले.

मी परत सतरंजीवर येऊन बसलो. केतकीने लसणाचं ताट माझ्यापुढे सरकवलं, आणि आम्ही दोघं, आवाज न करता, सोलत राहिलो.